ईमावशीची स्वच्छ डबी

ईमावशीला किळस येणार नाही अशी वस्तू या जगात शोधायला गेलं तर माणसाच्या नाकी नऊ आले असते. बसची सीट रुमालानं पुसल्याशिवाय ती बसत नसे, आणि पुसून झाल्यावर त्या रुमालाचं काय करायचं या विचारानं तिचा अर्धा प्रवास वाया जाई. चहाचा कप तिचा स्वतःचा, त्यावर झाकण स्वतःचं, आणि दोन्ही प्यायच्या आधी उकळत्या पाण्यातून काढलेले. कुणी नखं कुरतडली की "ई!" कुणी बोट जिभेला लावून पान उलटलं की "ई!" कारखान्यातल्या लोकांनी तिचं खरं नाव केव्हाच गुंडाळून माळ्यावर टाकलं होतं. लहानथोर सगळ्यांची ती ईमावशी.

आणि दैव कसं थट्टेखोर बघा, अशा बाईचा जन्म गेला तो जुन्या गाद्यांच्या कारखान्यात. लोकांनी वर्षानुवर्षं लोळून चपट्या केलेल्या गाद्या तिथे येत. त्या उसवायच्या, आतला कापूस काढून पिंजायला द्यायचा, मग नव्या खोळीत भरून टाके घालायचे. उसवणं आणि शेवटी टाके घालणं ही दोन्ही कामं ईमावशीची. गादी उसवली की घराची अब्रू टेबलावर येते. केस, नखं, ढेकणांची वाळकी टरफलं, पोरांच्या मुताचे पिवळे नकाशे, आणि एकदा तर एका मोठ्या बंगल्यातल्या गादीतून अर्धी कवळी निघाली होती. तिचे दात बघून ईमावशी दोन वेळा जेवली नव्हती.

कारखान्यात कापसाची भुकटी सतत तरंगत असे. विडी-सिगारेटला सक्त मनाई, कारण एक ठिणगी पडली तर माणसांसकट सगळ्याची राख. त्यामुळे तिथे पूर्वापार तपकीर चाले. नवी बाई कामाला लागली की पहिल्या आठवड्यातच कुणीतरी तिच्यापुढे डबी धरी. चिमूट ओढली की नाक मोकळं होतं, कापूस बाहेर येतो, डोकंही जरा जागं होतं. त्याला व्यसन म्हणायची पद्धतच नव्हती. अ‍ॅप्रन आणि कात्री तशी तपकीर, कामाचं सामान.

ईमावशीची डबी मात्र बघण्यासारखी होती. पत्र्याची, गोल, झाकणावर निळी फुलं. रोज संध्याकाळी ती पुसायची, धुतलेल्या रुमालात गुंडाळायची, आणि दुसऱ्याचं बोट त्या डबीत आजवर कधी गेलं नव्हतं. मुकादम तंबाखूची पिंक टाकी तेव्हा ती तोंड फिरवून म्हणे, "मला मेलीला एक व्यसन नाही हो," आणि हे म्हणताना चिमूट नाकाशी असे. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. यात ईमावशी जगावेगळी होती असं नाही, फक्त तिचा बाब्या फार स्वच्छ ठेवलेला होता.

पण तिला सगळ्यात मोठी किळस ज्याची होती ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. तिला स्वतःच्या छातीची किळस होती. वय झालं तशी छाती जड होत गेली आणि मग लोंबू लागली. खांद्यांवर ब्राच्या पट्ट्यांनी बोट बसेल असे चर पाडले होते. छातीखालच्या घडीत घाम साचून कातडी लाल होई, ओली राही, फाटे, आणि तिला आंबूस वास येई. पावडर झाली, मलमं झाली, घडीत मऊ कपड्याच्या पट्ट्या घालून झाल्या. संध्याकाळी त्या पट्ट्या काढताना ती डोळे मिटून घेई आणि दोन बोटांनी उचलून थेट साबणाच्या पाण्यात टाकी. जगाची घाण उसवणारी बाई स्वतःच्या अंगाकडे बघू शकत नव्हती.

किळस तिनं सोसलीच असती जन्मभर. पण हातांना मुंग्या येऊ लागल्या. टेबलावर वाकलं की मानेतून कळ निघे आणि बोटांपर्यंत जाई. गादीला टाके घालायची ती लांब सुई हातातून निसटू लागली. एकदा निसटली, दोनदा निसटली, तिसऱ्यांदा मुकादमानं बघितलं. ज्या हाताला सुई धरता येत नाही त्याला टेबल मिळत नाही, हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. घरात कमावत्या दोघीच, ती आणि तिची लेक.

लेकीचं लाडाचं नाव चिमी. नाव चिमी आणि अंगकाठी थेट आईची. तिशी गाठली होती, नवऱ्याला सोडून परत आली होती आणि त्याच कारखान्यात कापूस भरायच्या टेबलावर उभी राही. तिच्याही खांद्यांना चर पडायला लागले होते, तिच्याही अ‍ॅप्रनच्या खिशात तपकिरीची पुडी होती.

"आई, ऑपरेशन करतात म्हणे याचं," चिमी एकदा म्हणाली. "कमी करून देतात."

"आणि काढतात ते टाकतात कुठं? ई!"

"तुला त्याच्याशी काय करायचंय? तू करून घे. तुझं धड झालं तर मी पण करीन. आधी तुझं बघते."

म्हणजे आता एका छातीवर दोघींची आशा टांगली गेली. ही बातमी कारखान्यात कशी फुटली देव जाणे. मुकादम पिंक टाकून, मिशीतल्या मिशीत हसत म्हणाला, "मावशी, गादी हलकी करून आणताय म्हणे?"

सगळं टेबल खिदळलं. ईमावशीच्या अंगावर झुरळ चढावं तसं झालं. इतकी वर्षं हा माणूस डोळ्यांनी काय मोजत होता ते तिला माहीत होतं, पण त्यानं तोंडानं बोलायची ही पहिलीच वेळ.

"हो," ती म्हणाली, "आणि उरलेला कापूस तुमच्या डोक्यात भरते. तिथं फार पोकळ वाजतंय."

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, बारीक, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी मान बघितली, खांदे बघितले, छाती उचलून खालची घडी बघितली. नाक मुरडलं नाही, आणि ईमावशीला तेच खटकलं. आपल्याला ज्याची शिसारी येते ते ही परकी बाई भाजी निवडावी तशी हाताळते कशी?

"तुम्हाला याचा उपयोग होईल," हात धुत डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मान, पाठ, घडीतलं चिघळणं, बहुतेक बायकांना आराम पडतो. पण हे काही केस कापण्यासारखं नाही. पूर्ण भूल द्यावी लागते. रक्तस्राव होऊ शकतो, जखमेत पू होऊ शकतो. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून लवकर चालवू. व्रण कायमचे राहतील. बोंडाभोवती एक, तिथून खाली एक आणि घडीत आडवा एक. जिथे टाके एकमेकांना मिळतात तिथे जखम थोडी उघडते कधी कधी, ती भरायला वेळ लागतो. दोन्ही बाजू अगदी सारख्या होतीलच असंही नाही. स्पर्श कमी कळेल, काही जणींना कळतच नाही."

"आणि बोंडाचं काय करता?"

"ते वर सरकवतो, त्याचा रक्तपुरवठा शाबूत ठेवून. क्वचित तो पुरवठा कमी पडतो. मग बोंडाचा थोडा भाग काळा पडून जातो, कधी सगळंच जातं."

"ई!"

"म्हणून विचारते. मधुमेह? सिगारेट-विडी ओढता? तंबाखू खाता? त्यानं रक्तवाहिन्या आकसतात, आणि नेमकं तिथलंच रक्त आटतं."

"छे हो! धुराच्या वासानंच मला मळमळतं," ईमावशी म्हणाली आणि बाहेर बाकावर बसलेल्या, बोटं पिवळी झालेल्या एका म्हाताऱ्याकडे तिनं अशी नजर टाकली की त्यानं हात खिशात घातले.

यात खोटं अक्षर नव्हतं. ती ओढत नव्हती, खात नव्हती. तपकीर तंबाखूचीच असते हे तिला ठाऊक नव्हतं असंही नाही. पण डॉक्टरीणबाईंनी विचारला तो धूर आणि विचारली ती पिंक, म्हणजे दुसऱ्यांची घाण. निळ्या फुलांची डबी त्या प्रश्नात कुठे बसतच नव्हती. चिमी शेजारीच होती, तिच्याही डोक्यात आलं नाही. ऑपरेशनच्या सकाळी पोटात काही जाऊ द्यायचं नव्हतं, ते ईमावशीनं इतकं कडक पाळलं की तोंडावर पाणी मारतानासुद्धा ओठ दाबून धरले. आणि मग न्हाणीघरात जाऊन एक चिमूट ओढली, कारण ती काही पोटात जात नाही.

ऑपरेशन ठीक झालं. शुद्धीवर आल्यावर तिला पहिल्यांदा जाणवलं ते वेदनेआधी, की खांद्यांवरून कुणीतरी उतरलंय. छातीला घट्ट पट्टे, बगलेखालून नळ्या, नळ्यांच्या टोकाला लाल पाणी. ते पाणी बघून तिनं तोंड फिरवलं, पण मान फिरवताना कळ आली नाही. ती चिमीचा हात धरून रडली. चिमीही रडली.

"हलकं वाटतं गं," ईमावशी म्हणाली. "तू पण कर."

घरी आल्यावर डाव्या बाजूनं दगा दिला. बोंडाची कड आधी जांभळी झाली, मग काळी. खाली टाक्यांच्या जोडावर जखम उघडली आणि पिवळट चिकट पाणी येऊ लागलं. डॉक्टरीणबाई चिंतेत पडल्या. "साखर नाही, सिगारेट नाही. असं न होण्यासारखीच तब्येत आहे तुमची. बघू, रोज ड्रेसिंग करा."

रोज ड्रेसिंगला जायचं म्हणजे रोज ती पट्टी सुटायची, आणि पट्टीबरोबर वास सुटायचा. मेलेल्या मांसाचा वास गोडसर असतो, घशाशी येऊन बसतो, आणि हा वास कुणा दुसऱ्याच्या गादीतून येत नव्हता, तिच्याच अंगातून येत होता. ईमावशीला स्वतःपासून उठून दुसऱ्या खोलीत जावंसं वाटे. कुठे जाणार? मग तिनं आपल्या जुन्या सवयीनं जुना उपाय केला. ड्रेसिंगच्या आधी चिमूट. पट्टी सुटल्यावर चिमूट. जेवताना वासाची आठवण झाली की चिमूट. कारखान्यातही ती इतकी कधी ओढत नसे. नाक बधिर होई, थोडा वेळ बरं जाई. आणि पुढच्या खेपेला काळेपणा आणखी थोडा सरकलेला असे.

एके दिवशी चिमी सोबत आत आली. पट्टी सुटली, तिनं एकदाच बघितलं आणि तोंडावर हात धरून बाहेर पळाली. घरी जाताना म्हणाली, "मी नाही करणार. मरेन, पण हे नाही करणार." ईमावशीनं तिची समजूत घातली नाही. काय सांगणार होती? तिला स्वतःलाच तिकडे बघवत नव्हतं.

ड्रेसिंग करणारी सिस्टर गोलमटोल, गप्पिष्ट. ती चिमट्यानं जखम पुसता पुसता आपल्या दिराच्या घटस्फोटाची हकिकत सांगे. एकदा तिनं पट्टीला हात घातला तशी ईमावशी म्हणाली, "थांबा जरा." पिशवीतून रुमाल काढला, रुमालातून डबी, डबीतून चिमूट. ओढली. सिस्टरचा चेहरा बघून तिला वाटलं, बिचारीलाही रोज हा वास सोसावा लागतो. आयुष्यात पहिल्यांदा तिनं आपली डबी दुसऱ्यापुढे धरली.

"घ्या. चिमूटभर घ्या, वास येणार नाही."

सिस्टरच्या हातातला चिमटा तसाच राहिला. "काय आहे ते, मावशी?"

"तपकीर."

"रोज घेता?"

"अहो, हल्ली तर त्याच्याशिवाय इथं बसवतच नाही."

सिस्टर दिराला अर्ध्या घटस्फोटात सोडून धावली. डॉक्टरीणबाई आल्या, डबी उघडून बघितली आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला.

"मी तुम्हाला विचारलं होतं!"

"ओढता का विचारलंत, खाता का विचारलंत," ईमावशी म्हणाली. तिचाही आवाज चढला होता, पण मध्येच फाटला. "धूर नाही त्याला. थुंकी नाही. मी रोज पुसते ती डबी!"

डॉक्टरीणबाई खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "नाकाचं विचारायचं राहिलं. ते माझं चुकलं. पण आता नीट ऐका. निकोटीन नाकातून गेलं काय किंवा तोंडातून गेलं काय, रक्तवाहिन्यांना सारखंच. ऑपरेशनच्या आधी निदान महिनाभर आणि नंतरही तितकंच, ते अंगात जाता कामा नये. हे सगळं तपकिरीनंच झालं असं मी शपथेवर सांगणार नाही. कसलंच व्यसन नसलेल्यांनाही कधी होतं. पण जिथे रक्ताचा थेंब थेंब पोचवायला मी धडपडतेय, तिथला नळ तुम्ही दिवसभर आवळताय."

जखमेच्या वासाला कंटाळून ईमावशीनं जे नाकात कोंबलं त्यानंच जखम वाढवली होती. आयुष्यभर नाकानं कांदे सोलले आणि घाण खिशात घेऊन फिरली. तिला मुकादमाची पिंक आठवली, त्या म्हाताऱ्याची पिवळी बोटं आठवली. आपल्या दोन बोटांच्या टोकांना तपकिरी डाग होता. तिनं तो कधी बघितला नव्हता असं नाही, पण डाग म्हणून बघितला नव्हता. तिला स्वतःचीच शिसारी आली.

घरी गेल्यावर तिनं डबी स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकली, भाजीच्या सालींवर आणि चहाच्या चोथ्यात. पुढचे दिवस वाईट गेले. डोकं ठणके, चिडचिड होई, हात आपोआप खिशाकडे जाई. आणि नाक हळूहळू जागं होऊ लागलं. कधी नव्हे इतके वास येऊ लागले आणि जखमेचा वास तर पट्टी सुटायच्या आधीच येई. तिनं तो घेतला. सिस्टरला म्हणाली, "आरसा द्या," आणि पहिल्यांदा नीट बघितलं. काळं झालेलं डॉक्टरीणबाईंनी कापून काढलं. डाव्या बोंडाचा अर्धा भाग गेला. मग खालून लाल, ओलं, जिवंत मांस वर येऊ लागलं. तेही काही दिसायला सुंदर नव्हतं, पण वास गेला होता. भरायला महिने लागले.

ईमावशी कामावर परतली ती ताठ. सुई हातात टिकू लागली. घडीत पट्ट्या घालायची गरज उरली नाही, खांद्यांचे चर उथळ झाले. मुकादम काहीतरी बोलायला तोंड उघडायचा, तिनं त्याच्याकडे सरळ बघितलं की मिटायचा. कुणी विचारलं, "मावशी, पुन्हा संधी मिळाली तर कराल का?" तर ती म्हणे, "उद्या करीन. पण आधी नाक धुवीन."

चिमी हे सगळं बघत होती. आईची पाठ जसजशी सरळ होत गेली तसतशी तिची वाकत चालली होती. शेवटी तिच्या घडीतही कातडी फाटली आणि एके दिवशी ती आपणहून म्हणाली, "चल, डॉक्टरीणबाईंकडे जाऊ."

डॉक्टरीणबाईंनी चिमीलाही सगळं तसंच सांगितलं. भूल, रक्त, पू, गुठळी, व्रण. वर हेही सांगितलं की पुढे मूल झालं तर दूध पाजता येईलच असं नाही. चिमीनं मान डोलावली. मग त्यांनी विचारलं, "ओढणं? खाणं?" आणि ईमावशीकडे एक नजर टाकून, "आणि नाकात?"

"नाही. आईचं झालं तेव्हाच सोडली," चिमी म्हणाली.

ईमावशी लेकीच्या शेजारी बसली होती. औषधांचा वास, फिनाइलचा वास, चिमीच्या केसांच्या तेलाचा वास. आणि त्या तेलाखाली, अगदी बारीक, ओळखीचा असा एक वास. पूर्वी तो तिला कधीच आला नसता, कारण तो तिच्याच नाकात भरलेला असे.

"ई!" ईमावशी म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"खोटं बोलतेय ही. आज सकाळी ओढलीय. काढ गं ती, टेबलावर ठेव."

"आई!"

"ठेव म्हणते ना!"

चिमीनं पर्स उघडली आणि डबी टेबलावर ठेवली. गोल, पत्र्याची, झाकणावर निळी फुलं.

ईमावशीनं ती उचलून उलटसुलट केली. "कचऱ्यातून उचललीस?"

"धुतली होती मी," चिमी खाली मान घालून म्हणाली. "स्वच्छ धुतली होती."

डॉक्टरीणबाईंनी तारीख दिली नाही. "आधी ही सोडा, पूर्ण. मग महिनाभरानं या," एवढंच म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला बोलवायला सांगितलं. चिमी तणतणत बाहेर पडली. "घालवलंस ना माझं ऑपरेशन? मानेनं जीव चाललाय माझा, आणि तुला तिथंच शहाणपण सुचलं!"

ईमावशीनं लेकीचं मनगट धरलं, कपडे बदलायच्या छोट्या खोलीत नेलं आणि दाराला कडी घातली. मग आपली बटणं काढली. त्या दिवशी पळाल्यापासून चिमीनं आईच्या अंगाकडे बघितलं नव्हतं, आणि ईमावशीनं कुणाला दाखवलं नव्हतं. उजवीकडे व्रणाच्या बारीक रेषा होत्या, फिकट झालेल्या. डावीकडे खाली जाड, ओढलेला, चकाकणारा व्रण, आणि वर कुरतडल्यासारखं अर्धं बोंड.

चिमीच्या तोंडून, जन्मात पहिल्यांदा, आईचा शब्द निघाला. "ई!"

ती मान वळवायला गेली. ईमावशीनं तिची हनुवटी धरली आणि परत समोर आणली.

"हं," ती म्हणाली. "आता नीट बघ."